भाखरीची अठरा नखं

अडतीस वर्षं बँकेत नोटा आणि आकडे मोजले, पण मांजराला नखं किती असतात हे मला त्र्याहत्तराव्या वर्षी कळलं. अठरा. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्या पायांना चार-चार. मी आपला वीस धरून चाललो होतो. मागच्या पायाचं पाचवं नख शोधण्यात एक संध्याकाळ गेली आणि मनगटावर दोन ओरखडे आले. शेवटी हिनं विचारलं, "अहो, मघापासून काय शोधताय?" मी म्हटलं, "दोन नखं कमी भरतायत." ही हिंचक्यावर बसून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "कॅश शॉर्ट आली वाटतं," म्हणाली.

घरात ते हसू परत यायला आठ महिने लागले होते, त्याची ही हकीकत. मांजर, नखं वगैरे विषय ज्यांना फालतू वाटतात त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. मलाही तसंच वाटायचं.

मांजरीचं नाव भाखरी. महाराष्ट्रातले पाहुणे आले की "भाकरी" म्हणतात आणि आम्हाला दर वेळी समजावून सांगावं लागतं की बाबांनो, ज्वारीची ती भाकरी आणि आमच्या बडोद्यात गव्हाच्या जाड्या पिठाची, तव्यावर दाबून दाबून खरपूस भाजलेली, ती भाखरी. हिचा रंग तसाच आहे, बदामी आणि वर तपकिरी डाग. लेक २०२० मध्ये घरून काम करायला बडोद्याला आली होती, तेव्हा पार्किंगमधून बोटभर पिल्लू उचलून आणलं. दोन वर्षांनी लेक टोरांटोला गेली आणि पिल्लू आमच्याकडे राहिलं. त्याला बाहेरचं जग ठाऊक नाही. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडक्यांना जाळी, एवढंच तिचं गाव. त्यातून स्वभाव भित्रा. मिक्सर लावला की पलंगाखाली. लिफ्टचं दार वाजलं की पलंगाखाली. मी शिंकलो तरी पलंगाखाली, आणि माझी शिंक कशी आहे हे दांडिया बाजारातली जुनी माणसं सांगतील.

आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात मांजरं होतीच, पण ती घरातली म्हणायची आणि राहायची कुठेही. कोठीच्या खोलीत उंदीर होते म्हणून मांजर होतं, इतका साधा हिशेब. जिन्याशेजारच्या लाकडी खांबावर बोटभर खोल चरे पडलेले होते. आमच्या आजोबांच्या काळापासून किती मांजरांनी तिथे नखं घासली असतील देव जाणे. नखांवरची जुनी टरफलं त्या खांबाखाली पडलेली असायची, आम्ही पोरं ती गोळा करून काड्यापेटीत ठेवायचो. मांजराची नखं कोणी कापतं, असं तेव्हा कोणी म्हणालं असतं तर आईनं त्याची दृष्ट काढली असती.

फ्लॅटमधल्या मांजराला ना झाड, ना खांब, ना कौलांवरची धावपळ. लेकीनं सुतळी गुंडाळलेला एक खांब आणून दिला होता, पण भाखरीला तो पसंत नव्हता. तिला आमच्या सोफ्याची डावी बाजू पसंत होती. एवढं खरवडूनही टोकं काही पुरेशी झिजत नसत. अंगठ्याचं नख तर मनगटाजवळ वर चढलेलं असतं, जमिनीला टेकतच नाही. ते वाढत जातं आणि गोल वळून स्वतःच्याच गादीत रुतू शकतं. हे सगळं मला फार नंतर कळलं. कारण नखं कापायचं खातं हिच्याकडे होतं.

हिच्याकडे आमच्या घरातली सगळीच नखं होती. लेकीची लहानपणी, दर रविवारी पाटावर बसवून. माझ्या आईची शेवटची सहा वर्षं, तिच्या पायाची नखं शिंगासारखी जाड झाली होती, ती कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून मग. आणि भाखरीची, मांडीवर झोपली की, टीव्हीवरच्या मालिकेकडे बघता बघता. मी पेपर वाचत समोर बसलेला असायचो आणि मला कधी कळायचंही नाही की काही चाललंय. आईचा नियम होता, शनिवारी आणि दिवेलागणीनंतर नखं कापायची नाहीत. भाखरीचा कार्यक्रम नेमका रात्री साडेआठला. मी एकदा गमतीनं टोकलं तर म्हणाली, "मांजराला कसला शनिवार!"

मग हिचा आमवात वाढला. गुडघेदुखी नव्हे, ती आम्हा सगळ्यांनाच आहे. हा वेगळा आजार, बोटांचे सांधे सुजवतो आणि हळूहळू वाकडे करतो. २०२३ च्या पावसाळ्यापासून हिला कात्री धरवेना. बाटलीचं झाकण, साडीची पिन, फोडणीचा चमचा, एकेक वस्तू हातातून गेली. बरीच वर्षं थोड्या प्रमाणात स्टेरॉइड चालू असल्यामुळे हाताची कातडी भज्याखालच्या कागदासारखी पातळ झालेली. त्या दिवाळीच्या आधी ही मला म्हणाली, "अहो, भाखरीची नखं वाढली आहेत, जरा शिकून घ्या ना. मी सांगते कसं ते." मी म्हटलं, "बघू." दिवाळीनंतर पुन्हा म्हणाली. मी पुन्हा म्हटलं, "बघू."

बँकेत माझ्या टेबलावर 'बघू' म्हणून ठेवलेलं प्रकरण कधी राहिलं नाही. घरात मात्र राहिलं.

२०२४ ची उत्तरायण रविवारी आली होती. बडोद्याची उत्तरायण ज्यांनी अनुभवलेली आहे त्यांना सांगायला नको. सकाळपासून गच्चीगच्चीवर स्पीकर, पिपाण्या, "कायपो छे"चा गलका, आणि अंधार पडला की तुक्कल आणि फटाके. आम्ही आता गच्चीवर जात नाही. संध्याकाळी ही हॉलमध्ये हिंचक्यावर बसली होती, मांडीवर भाखरी. सकाळपासून पलंगाखाली होती बिचारी, जरा शांत झालं म्हणून बाहेर आली होती. मी आत ऊंधियू गरम करत होतो. वरच्या गच्चीवर कोणीतरी फटाक्यांची माळ लावली.

मी धावत आलो तेव्हा मांजर दिसेनाशी झाली होती आणि ही डावा हात उजव्या हातानं दाबून बसली होती. ओरडली नव्हती. बोटांमधून रक्त साडीवर टपटपत होतं. नख नुसतं ओरबाडून गेलं नव्हतं, अडकलं होतं. उडी मारताना कातडी दोन इंच सोलून वर आली होती, पाकिटाचं झाकण उघडावं तशी. रात्री दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, टाके घालता येणार नाहीत, या कातडीत टाका धरणारच नाही. पट्ट्या लावल्या, ड्रेसिंग केलं. जखम भरायला पाच आठवडे लागले.

त्या रात्री घरी आल्यावर ही पहिल्यांदा काय बोलली असेल? "तिनं काही खाल्लं का बघा."

टोरांटोहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ती घाबरली होती, रडली, आणि म्हणाली, "बाबा, आणंदला माझी मैत्रीण आहे, ती घेईल भाखरीला. आईच्या हाताला इन्फेक्शन झालं असतं तर?" खोटं नव्हतं त्यात काही. शेजारच्या बेन म्हणाल्या, "काका, बिलाडीने पांजरापोळमां मूकी आवो ने." अमेरिकेतल्या आमच्या एका नातेवाइकांनी आणखी पुढचा सल्ला दिला, तिकडे म्हणे ऑपरेशन करून नखं कायमची काढून टाकतात. मी चौकशी केली. ते नखं काढणं नसतं, प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर हाडासकट छाटणं असतं. इंग्लंडसह अनेक देशांत त्याला बंदी आहे. त्या नातेवाइकांना मी काही उत्तर पाठवलं नाही.

मी हिला विचारलं, "मग काय करायचं? द्यायची का आणंदला?"

"द्या," म्हणाली. लगेच. आणि औषधाच्या डब्यात काहीतरी शोधायला लागली. छेचाळीस वर्षांच्या संसारात ही कुठल्याच गोष्टीला इतक्या लगेच हो म्हणालेली नाही. वाडा विकायचा ठरला तेव्हा दोन वर्षं घेतली होती. मी लेकीला म्हटलं, महिनाभर थांब.

त्या महिन्यात मी जे प्रताप केले ते सांगायला हवेत, कारण तुमच्यापैकी कोणी हेच करत असाल तर करू नका. मोबाइलवर व्हिडिओ बघितले. त्यात एक बाई मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळते, नुसता एक पंजा बाहेर काढते आणि दोन मिनिटांत मोकळी होते. मीही टॉवेल घेतला. दुपारी झोपलेल्या भाखरीवर मागून टाकला, गुंडाळली, काखेत धरली आणि माझं स्वतःचं नेलकटर काढलं. पहिली चूक टॉवेल, दुसरी नेलकटर. माणसाचं नख चपटं, मांजराचं दोन्ही बाजूंनी दाबलेलं आणि बाकदार. आपलं कटर ते नीट कापत नाही, चेपतं, चिरतं. मांजरासाठी वेगळी लहान कात्री मिळते, पात्यांना अर्धचंद्रासारखी खाच असलेली. तिसरी चूक मोठी होती. मी कापलं कुठे, ते बघितलंच नाही.

मांजराचं नख उजेडात धरलं की आरपार दिसतं, मेणकागदासारखं. मुळाकडे आत एक गुलाबी रेघ असते. तो जिवंत भाग, त्यात रक्त आणि संवेदना. त्याच्यापुढचं पांढरं टोक मेलेलं, तेवढंच कापायचं, आणि तेही गुलाबीपासून थोडं अंतर सोडून. मी गुलाबीत कापलं. भाखरी जी किंचाळली, तो आवाज मांजराचा वाटलाच नाही. टॉवेल एकीकडे, कटर दुसरीकडे, आणि पांढऱ्या फरशीवर हॉलपासून पलंगापर्यंत रक्ताचे ठिपके. मी हळदीचा डबा घेऊन धावलो तर ही ओरडली, "हळद नको, कॉर्नफ्लोअर आणा! नखावर दाबून धरायचं!" कॉर्नफ्लोअर आणलं, पण दाबायचं कुठे? मांजर ट्रंकेमागे. रक्त आपोआप थांबलं असणार, कारण रात्री ती लंगडत पाण्याला आली. मी स्वयंपाकघरात दिसलो आणि न पिताच परत गेली.

मग जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. पिंजऱ्यात घालतानाच अर्धा तास गेला. दवाखान्यात बाकावर शेजारी एक लॅब्राडोर. आत दोघांनी धरलं, एकानं मानगूट, एकानं मागचे पाय, आणि खरोखर चार मिनिटांत अठरा नखं कापून दिली. ३०० रुपये. काम चोख. पण भाखरीनं पिंजऱ्यात सगळं केलं होतं आणि घरी आल्यावर दोन दिवस अन्नाला शिवली नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी हे करायचं म्हणजे मांजराला वर्षातून वीस वेळा मारून जिवंत करायचं.

हिच्या हाताला अजून पट्टी होती. त्या रात्री झोपताना अंधारात म्हणाली, "तुम्ही तिच्याकडे वसुलीला गेल्यासारखे जाता."

मला झोप लागली नाही. कारण वसुली मी केलेली आहे. ऐंशीच्या दशकात पादरा, डभोई, करजण, या सगळ्या तालुक्यांत शेतीकर्जाच्या थकबाकीसाठी हिंडलो. बँकेची जीप गावच्या वेशीत शिरली की माणूस मागच्या दारानं शेतात. बायको सांगणार, "ए तो बहारगाम गया छे." धुळीत त्याच्या चपला पडलेल्या असायच्या, चुलीवर चहा उकळत असायचा. माझ्या आधीचे साहेब ओरडायचे, नोटीस डकवायचे, आणि रिकाम्या हातानं परत यायचे. मला एका म्हाताऱ्या शिपायानं शिकवलं. म्हणाला, साहेब, जीप बाहेर ठेवा. चालत जा. फाइल नेऊ नका. ओटल्यावर बसा, पाऊसपाण्याचं बोला, चहा पाजला तर प्या आणि उठा. तिसऱ्या खेपेला तो स्वतः विषय काढेल. दर वेळी काढायचेच असं नाही, पण बरेच जण काढायचे.

दुसऱ्या दिवसापासून मी फाइल नेणं बंद केलं.

हिनं सांगितलं तसं. रोज दुपारी, जेवण झाल्यावर, ती जिथे पेंगत असेल तिथे जमिनीवर जाऊन बसायचं. माझ्या गुडघ्यांना ते कसं झालं ते विचारू नका. हात लावायचा नाही. पेपर वाचायचा, मोठ्यानं नाही. दहा दिवसांनी ती पलंगाखालून बाहेर येऊन माझ्यापासून दोन हातांवर झोपायला लागली. मग खांद्यावर हात, तेवढाच, आणि उठायचं. मग खांद्यावरून पुढच्या पायावर. पंजाला स्पर्श झाला की पंजा मागे घ्यायची, मी लगेच सोडायचो. हिनं बजावलं होतं, "तिनं ओढला की तुम्ही सोडायचं. धरून ठेवलंत की पुन्हा पहिलीपासून." शेपटीचं टोक आपटायला लागलं, कान मागे वळले, पाठीची कातडी थरथरली की त्या दिवसाचं कामकाज बंद.

लेकीनं मांजरांच्या खाऊच्या ट्यूबा पाठवल्या, माशाच्या वासाची पेस्ट. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. पण ही नाक मुरडून ती पेस्ट एका जुन्या बशीत घ्यायची आणि दोन्ही तळव्यांत बशी धरून बसायची, बोटांनी धरता येत नाही म्हणून. पंजाला हात लागला की बशी पुढे. हात निघाला की बशी मागे. हा खाऊ फक्त याच कामासाठी, इतर वेळी नाही. त्यात हिनं मला एकदाही सवलत दिली नाही.

कात्रीचा 'कट्' आवाज हे वेगळंच प्रकरण. त्या एका आवाजानं तिला पुन्हा ते रक्त आठवायचं. यावर हिनं उपाय काढला शेवयांचा. खिरीच्या जरा जाड शेवया घ्यायच्या, लांब बसून एकेक कात्रीनं तोडायची. कट्, आणि बशी. कट्, आणि बशी. पहिल्या दिवशी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मग रोज हातभर जवळ. मे महिन्याच्या उन्हात, पंखा पूर्ण वेगात, बँकेचा निवृत्त अधिकारी लेंग्यावर बसून शेवया कापतोय. गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला मुलगा बघतच राहिला. मी त्याला काही स्पष्टीकरण दिलं नाही.

महिना म्हटलेल्याचे पाच झाले होते, लेक विचारायची थांबली होती. जुलैत लंडनहून वाघनखं साताऱ्याला आली. टीव्हीवर दिवसभर तेच. आम्ही बडोद्याचे मराठी, असल्या बातमीला बाहीवरचे केस उभे राहणारे. मी बघत होतो, बाजूला वाघाची मावशी माझ्या मांडीला पाठ लावून झोपलेली. हिच्या मनात काय आलं कोण जाणे, म्हणाली, "आता गादी दाबून बघा." मी पंजाच्या खालची मऊ गादी आणि वरचं बोट, दोन बोटांच्या चिमटीत अलगद दाबलं. म्यानातून यावं तसं नख बाहेर आलं. सोडलं, आत गेलं. पुन्हा दाबलं. भाखरीनं एक डोळा उघडला आणि मिटला. कात्री त्या दिवशीही काढली नाही.

ऑगस्टच्या शेवटी, जन्माष्टमीच्या सुमाराला, विश्वामित्रीला पूर आला. बडोद्यात असलेल्यांना ते दिवस आठवत असतील. पाणी आमच्या पार्किंगमध्ये शिरलं, माझी स्कूटर आरशापर्यंत बुडाली. वीज गेली, लिफ्ट बंद, मोबाइल एकेक करून मेले. पहिल्या मजल्यावरच्या मंडळींना वरच्यांनी वाटून घेतलं, आमच्याकडे दोन रात्री चार माणसं होती, खिचडी आणि लीलो चिवडा. आमच्या गल्लीत मगर आल्याची बातमी दिवसातून तीनदा यायची, मगर काही आली नाही. इतर ठिकाणी मात्र खरोखरच निघाल्या.

पाहुणे पहिल्या मजल्यावर चिखल काढायला गेले होते, तेव्हाची गोष्ट. सकाळचे दहा असतील. मला अचानक जाणवलं की घरात आवाजच नाही. मिक्सर नाही, टीव्ही नाही, लिफ्टचं दार नाही, रस्त्यावर हॉर्न नाही. पंखासुद्धा नाही. नुसता खाली पाण्याचा डुबुक डुबुक आवाज. मी खिडकीपाशी खुर्चीवर बसलो होतो. भाखरी आली, खुर्चीखाली एक फेरी मारली, आणि उडी मारून मांडीवर येऊन बसली. चार वर्षांत पहिल्यांदा. ढगाळ उजेड होता पण पुरेसा. थोड्या वेळानं ती माझ्याकडे पाठ करून पसरली, उजवा पंजा माझ्या गुडघ्यावरून खाली लोंबकळत ठेवून.

कात्री माझ्या सदऱ्याच्या खिशात असायचीच, चष्म्यासारखी. हिंचक्यावरून ही बघत होती. खाऊच्या ट्यूबा संपल्या होत्या, दूधही नव्हतं घरात. मी हिच्याकडे बघितलं. हिनं मान हलवली. मी गादी दाबली, नख बाहेर आलं, उजेडात गुलाबी रेघ दिसली. खाच टोकाला लावली, आतला हात थोडा मागे घेतला, आणखी थोडा घेतला, आणि कट्.

काही झालं नाही. कान हलला. मी दुसरं कापलं. तिसऱ्याला तिनं पंजा ओढला, मी सोडला. दोन. हिनं तिथूनच हळू आवाजात सांगितलं, "बस झालं. उठू नका आता, झोपू दे तिला." त्या दोन टोकांसाठी मी सव्वा तास पाय न हलवता बसलो होतो.

तेव्हापासून चोपडी आहे. साधी लाल पुठ्ठ्याची, रोजमेळासारखी. तारीख, पाय, नख क्रमांक, शेरा. रोज एक किंवा दोन, त्याहून जास्त नाही. अठरा पूर्ण होईपर्यंत पहिल्याची वेळ पुन्हा आलेली असते. मागच्या पायांना तिची हरकत जास्त, ती नखं रोज चालण्यानं थोडी झिजतातही, तेव्हा तिथे आम्ही तगादा लावत नाही. अंगठ्याची दोन मात्र आधी. चोपडी सुरू केल्याच्या दुसऱ्या आठवड्यात डाव्या अंगठ्याचं बघितलं तर ते पार वळून गादीला लागायच्या बेतात होतं. म्हणजे डॉक्टरांकडे कापून आणल्यावर मी सहा महिने मैत्री करण्यात घालवले, त्यात ही थकबाकी वाढतच होती. ते नख कापताना माझा हात थरथरत होता. या वयात थरथरतोच, पण त्या दिवशी जरा अधिक.

आता एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं. हिला विचारलं, म्हणाली लिहा.

त्या ऑक्टोबरात एका दुपारी मी लवकर उठलो, तर हॉलमध्ये खालच्या ब्यूटी पार्लरमधली मुलगी हिच्या पायाशी बसून हिची नखं कापत होती. वर्षभर यायची म्हणे, मी दुपारी झोपलेला असताना. मला पत्ता नाही. मुलगी गेल्यावर मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय, तुम्ही 'बघू' म्हणाला असतात."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. पुढच्या वेळी खिडकीपाशी मी पाट घेतला, हिचा पाय मांडीवर घेतला. कोमट पाण्यात आधी भिजवून, आईची ही भिजवायची तशी. हाताची बोटं सरळ होत नाहीत, त्यामुळे कटर कुठल्या बाजूनं लावायचं याचा विचार करावा लागतो. एकेका बोटाला वेळ लागतो. करंगळीला दुखलं तेव्हा हिनं हात ओढला. मी सोडला.

"गुलाबी सोडा हं," म्हणाली.

भाखरी खिडकीत बसून सगळं बघत होती. मी सवयीनं चोपडी ओढली तर ही म्हणाली, "माझं नाव नाही लिहायचं त्यात." नाही लिहिलं. पार्लरच्या मुलीला दिवाळीला साडी दिली, तिला कारण कळलं असावं.

२०२५ च्या उत्तरायणला बारा तारखेच्या आत अठराच्या अठरा पूर्ण केली. आतल्या खोलीत जुन्या गोधडीची गुहा केली, खिडकीवर जाड पडदा, रेडिओ हलक्या आवाजात. दोन दिवस भाखरी तिथेच. हिला मी लेकीच्या जुन्या स्वेटरच्या जाड बाह्या कापून हातात घालायला दिल्या, ही कुरकुरत वापरते. संध्याकाळी फटाके सुरू झाले तसं हिंचका सोडून हीही आत जाऊन गोधडीशेजारी खुर्ची टाकून बसली. मी ऊंधियू तिथेच नेलं.

लेक पुढच्या महिन्यात येणार आहे. आणंदच्या मैत्रिणीचा विषय आता कोणी काढत नाही. कालची नोंद देऊन थांबतो: उजवा मागचा, दुसरं झालं, तिसरं बाकी. शेरा: मला शिंक आली.